द्राक्षमळ्याचे कुल

कुलीनता मातीत असते, मनुष्यात असते, की केवळ नावात? फ्रान्समधील बोर्दोच्या तांबड्या मद्याच्या मळ्यांचा इतिहास वाचला म्हणजे हा प्रश्न मनास सोडीत नाही. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी बाजारभाव पाहून मळ्यांच्या पाच श्रेणी लाविल्या. लाफित, लातूर (हे आपले लातूर नव्हे!), मार्गो व ओ-ब्रियों हे पहिल्या पंक्तीस बसले. पुढे फिलॉक्सेरा किडीने वेली मारल्या. आजच्या वेली बहुधा अमेरिकन मुळांवर कलम केलेल्या आहेत. मालक बदलले. मळ्याने त्याच गावशिवारातील शेजारची जमीन घेतली, तर तिच्या द्राक्षांनाही तीच श्रेणी लाभते. मूळ गेले, माती वाढली, पाट मात्र तोच! दुसऱ्या पंक्तीतील रोथशील्डांचा एक मळा वर चढला तो १९७३ साली, मंत्र्याच्या हुकुमाने. कर्णालाही अंगदेश मिळाला तो दुर्योधनाच्याच मर्जीने.

१९८०च्या दशकात आमच्या नारायणगावी द्राक्षमद्य होऊ लागले, तेव्हा त्याच्या नावापूर्वीही ‘शातो’ हे फ्रेंच बिरूद लागले. यास हसावे, तर परवा सातिवलीस ओटीवर बसून मीच पुतणीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी करीत होतो. माझा पहिला प्रश्न घराण्याविषयीचा होता. मुलगा स्वतः काय करतो, हे पुतणीने विचारले.