शोकाचे सादरीकरण आणि सचोटीचा प्रश्न

स्वतःच्या दुःखातून जन्मलेली कलाकृती निर्मात्याने पुन्हा पुन्हा सादर करावयाची असेल, तर प्रत्येक वेळी ते दुःख त्याच्या ठिकाणी जिवंत असले पाहिजे काय? छापील कवितेच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. एकदा लिहून झालेली विलापिका कवीच्या पुढील मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. गायकाला मात्र आपला जुना शोक ठरलेल्या दिवशी, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर उभा करावा लागतो. या दृष्टीने एरिक क्लॅप्टनच्या ‘टिअर्स इन हेवन’ या गीताचा इतिहास उद्बोधक आहे.

20 मार्च 1991 रोजी क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्कमधील एका इमारतीच्या 53व्या मजल्यावरील खिडकीतून पडून मरण पावला. त्यानंतर विल जेनिंग्ज या गीतकाराच्या साहाय्याने क्लॅप्टनने हे गीत रचले. परलोकी भेट झाली तर मुलगा आपल्याला ओळखील काय, ही पित्याची शंका त्याच्या केंद्रस्थानी आहे. जानेवारी 1992 मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमात विद्युत्-गिटार बाजूला ठेवून, मोजक्या श्रोत्यांसमोर बसून त्याने ते गायिले. 1993 साली गीताला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. 2004 मध्ये मात्र त्याने ते गाणे थांबविले. गाताना जी वियोगाची जाणीव आवश्यक असते ती आता आपल्याला होत नाही, असे कारण त्याने दिले. पुढेमागे अधिक अलिप्त दृष्टीने ते पुन्हा गाता येईल, अशी शक्यताही बोलून दाखविली. 2013 पासून ते त्याच्या मैफलींत पुन्हा ऐकू येऊ लागले.

रससिद्धान्ताच्या दृष्टीने पाहता 2004 चा निर्णय अनावश्यक ठरतो. क्रौंचवधाच्या प्रसंगाचे विवरण करताना अभिनवगुप्ताने बजावले आहे, की श्लोकत्व पावलेला शोक हा मुनीचा व्यक्तिगत शोक मानू नये. दुःखाने पोळलेल्या माणसाची ती अवस्थाच नव्हे. साधारणीकरणात भाव ‘माझा’ही राहत नाही आणि ‘परक्याचा’ही राहत नाही. नटाच्या बाबतीत दिदरोनेही असेच प्रतिपादन केले: प्रेक्षकांना हेलावून सोडणाऱ्या नटाने स्वतः हेलावून जाता कामा नये. किंबहुना ‘टिअर्स इन हेवन’ प्रथम लोकांसमोर आले तेच मुळी ‘रश’ (1991) या चित्रपटातून, आणि त्या चित्रपटाच्या कथेचा कॉनरशी काही संबंध नाही. ज्याच्या जन्मातच सहगीतकाराचा हात आणि परकी कथा होती, ते गीत केवळ गायकाच्या खाजगी शोकावर जगते असे म्हणता येत नाही.

तथापि एवढ्याने प्रश्न निकालात निघत नाही. रामाची भूमिका करणारा नट राम नव्हे, हे प्रेक्षक जाणतो. क्लॅप्टनच्या श्रोत्याला याच्या उलट ज्ञान असते: हा मृत्यू याच्याच घरी घडला. त्यामुळे त्याचे गाणे हे काव्य तर असतेच, पण त्याच वेळी ती एक साक्षही असते. काव्याला भावनेची तात्कालिक उपस्थिती लागत नाही. साक्षीला सत्यनिष्ठा लागते. जो शोक उरलेला नाही तो उरला आहे असा भास निर्माण करून टाळ्या आणि मानधन स्वीकारणे, ही साक्षीतील खोट होय. क्लॅप्टनचा निर्णय सौंदर्यशास्त्रीय दृष्ट्या अनावश्यक असूनही नैतिक दृष्ट्या आदरणीय वाटतो, तो यामुळे.

या निर्णयामागे आणखी एक, अधिक बोचरा प्रश्न दडलेला आहे. शोक ओसरणे ही मृताशी प्रतारणा आहे काय? तसे मानले तर प्रत्येक शोकगीत हे जखम न भरू देण्याचे साधन बनेल, आणि रसिक नकळत त्या जखमेचा ग्राहक ठरेल. कलावंताने आपल्यासाठी अखंड व्याकूळ राहावे, ही अपेक्षा वरवर सहृदयतेची दिसली तरी तिच्या मुळाशी क्रौर्य आहे. शिवाय हे गीत स्वतःच असा अट्टाहास धरत नाही. आपले स्थान अद्याप त्या लोकी नाही, आपल्याला येथे चालत राहावयाचे आहे, हे भान त्यातील पित्याला आहे. म्हणजे शोकाचे शमन हे गीताशी विसंगत नसून त्यातच सूचित झालेले आहे.

या प्रकाशात गाणे थांबविणे आणि पुन्हा सुरू करणे यांत विरोध उरत नाही. मधल्या वर्षांत ‘माझे दुःख’ ही साक्ष निवृत्त झाली आणि ‘दुःख’ हे काव्य मागे राहिले. क्लॅप्टनने ज्याला अलिप्तता म्हटले ते ताटस्थ्य असेलच असे नाही. ताटस्थ्यात भावच हरपतो, येथे केवळ त्यावरील स्वामित्व सुटते. गायकाचे कर्तव्य प्रत्येक वेळी रडण्याचे नसून, जे आता आपले नाही ते आपले म्हणून न दाखविण्याचे आहे. ते पाळले गेले, तर शोक निवल्यानंतरचे गाणेही खरे असते. आणि कदाचित त्याच वेळी, ज्यांचे दुःख अजून ताजे आहे अशा श्रोत्यांसाठी, ते पूर्णपणे मोकळे होते.