जेतवन समजून अंकोरला

1632 साली मोरिमोतो उकोंदायू काझुफुसा नावाचा एक जपानी सामुराई समुद्र ओलांडून कंबोडियात आला आणि अंकोरवाटच्या मंदिरात पोचला. तिथे त्याने बुद्धाच्या चार मूर्ती अर्पण केल्या. आईवडिलांच्या परलोकीच्या कल्याणासाठी आपण हे केले, असा लेख त्याने मंदिरातल्या एका दगडी खांबावर शाईने लिहून ठेवला. अक्षरे आता पुसट झाली आहेत, पण खांब जागेवर आहे.

काझुफुसाच्या समजुतीप्रमाणे तो कंबोडियात आलाच नव्हता, तो जेतवनात आला होता. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने सोन्याची नाणी अंथरून विकत घेतलेली ती बाग, जिथे बुद्धाने कितीतरी वर्षावास काढले. त्या काळच्या जपानमध्ये बऱ्याच जणांना वाटे, की दक्षिणेच्या समुद्रापलीकडचे ते भव्य देऊळ म्हणजेच जेतवन. अंकोरवाटचा एक जपानी नकाशाही उपलब्ध आहे. त्याची 1715 सालची प्रत मिळते आणि तिच्यावर नाव आहे ते जेतवनाचे.

खरे जेतवन उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेपासून जवळ, सहेत-महेत इथे आहे. अंकोरवाट बांधले ते बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याने, आणि तेही विष्णूसाठी. काझुफुसा आला तोवर तिथे बौद्ध भिक्खूंचा वावर होता, एवढाच काय तो धागा. काझुफुसा मायदेशी परतला आणि 1635 मध्ये जपानच्या राज्यकर्त्यांनी प्रजेला परदेशी जायलाच बंदी केली. म्हणजे आपली चूक उमगली असती, तरी ती सुधारायला त्याला पुन्हा निघता आले नसते.

मग त्याची यात्रा घडली की नाही?

मराठी मनात याचे उत्तर तयारच असते: भाव तेथे देव. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. भावच पुरेसा असेल, तर घरच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडून काम भागले असते. वादळांचा आणि चाच्यांचा समुद्र ओलांडायची गरज नव्हती. ज्या अर्थी माणसे निघतात, त्या अर्थी त्यांना जागा हवी असते. तीच जागा हवी असते.

खुद्द बौद्ध परंपरेत हा ताण फार जुना आहे. पाली महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाचे अखेरचे दिवस येतात. कुशीनगरच्या शालवृक्षांना अवेळी बहर येतो आणि फुले त्याच्या अंगावर पडू लागतात. तेव्हा बुद्ध शिष्य आनंदाला सांगतो, की तथागताची खरी पूजा ही नव्हे. जो धम्माप्रमाणे वागतो तोच खरी पूजा करतो. पण त्याच सुत्तात, त्याच प्रसंगी, श्रद्धावंताने पाहावीत अशी चार ठिकाणेही तो सांगतो: जन्माचे, ज्ञानप्राप्तीचे, पहिल्या उपदेशाचे आणि परिनिर्वाणाचे. सगळे अनित्य आहे असे शिकवणाऱ्याने चार ठिकाणी जाऊन या, असेही सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे बोधगयेत उमगते.

बोधगयेचा आजचा पिंपळ बुद्धाने पाहिलेला नाही. सातव्या शतकात आलेल्या चिनी भिक्खू ह्युएन त्संगने नोंदवले आहे, की राजा शशांकाने तो वृक्ष तोडला आणि मगधाच्या पूर्णवर्म्याने तो पुन्हा वाढवला. एकोणिसाव्या शतकात तिथे उभा असलेला जीर्ण वृक्ष 1876 च्या वादळात कोसळला. काही वर्षांनी पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने त्याच जागी नवे रोप लावले. आज वृक्षाच्या फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत आणि देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ येऊन त्याची प्रकृती तपासतात. मात्र परंपरेप्रमाणे अशोककन्या संघमित्रेने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मूळ वृक्षाची फांदी श्रीलंकेला नेली होती. अनुराधपुरात ती रुजली आणि तो वृक्ष अजून उभा आहे. सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराजवळ 1931 मध्ये अनागारिक धर्मपालांनी लावलेले रोप अनुराधपूरचेच. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही तिथूनच आला. भदंत आनंद कौसल्यायनांनी आणलेल्या फांद्या तिथे लावल्या गेल्या.

तेव्हा यातले अस्सल झाड कोणते, या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. दोन हजारांहून जास्त वर्षे कोणी ना कोणी पाणी घातले, पार बांधला, मेलेल्या झाडाच्या जागी नवे लावले. पावित्र्य आहे ते या न तुटलेल्या कामात.

जपानमधल्या इसे इथल्या शिंतो तीर्थात हाच विचार रीतसर विधी म्हणून पाळला जातो. सूर्यदेवता आमातेरासूचे तिथले मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने उभारतात. शेजारी शेजारी दोन जागा राखलेल्या आहेत. एकीवर जुने मंदिर उभे असते आणि तोवर दुसरीवर सायप्रसच्या लाकडाचे तंतोतंत तसेच नवे उभे राहते. देवतेची वस्त्रे, शस्त्रे, भांडीकुंडीसुद्धा नव्याने घडवतात. परंपरेप्रमाणे पहिली पुनर्बांधणी 690 साली झाली आणि बासष्टावी 2013 मध्ये. मध्ये यादवी युद्धांच्या काळात शंभरहून जास्त वर्षे हा क्रम खंडित झाला होता, पुढे तो पुन्हा सुरू झाला. उतरवलेले लाकूड टाकून देत नाहीत. मुख्य मंदिराचे मोठे खांब उजी पुलाच्या टोकांवरच्या तोरणांना लागतात आणि तिथून पुढे इतर देवस्थानांकडे जातात. नव्या खांबांसाठी लाकूड पुरावे म्हणून 1923 साली दोनशे वर्षांची वनयोजना आखली गेली. ज्यांनी ती झाडे लावायला घेतली, त्यांना त्यांचे खांब झालेले पाहण्याची आशा नव्हती.

वारसा जपण्याची जी कल्पना युरोपात रुजली, तिच्यात अस्सलपणा शोधला जाई तो प्रामुख्याने मूळ दगडा-लाकडात. 1994 साली जपानच्या नारा शहरात जगभरच्या तज्ज्ञांनी एक दस्तऐवज मान्य केला. अस्सलपणा एकाच ठोकळ मापाने मोजता येत नाही, तो त्या त्या संस्कृतीच्या संदर्भातच पारखायला हवा आणि त्यात परंपरा, कारागिरी, वापर यांचाही विचार हवा, हे त्यात स्पष्ट झाले. कागदावर यायला उशीर झाला, एवढेच. कंबोडियाचे खेडूत हे आधीपासून जाणतात. अंकोरवाटच्या पश्चिम दरवाज्यात आठ हातांची एक उंच मूर्ती आहे. शिल्पशास्त्राने ती विष्णूची. स्थानिक लोक तिला ता रीच म्हणतात, भगवी वस्त्रे नेसवतात, उदबत्ती लावतात, कमळे वाहतात. नऊशे वर्षांत देवाचे नाव बदलले, धर्म बदलला, पूजा मात्र चालू राहिली.

पण म्हणून खरेखोटे पाहायचेच नाही, असे नव्हे. हा मुद्दा सोडला की यात्रेचा कणाच मोडतो. खरे जेतवन सापडले कसे? फाहियान आणि ह्युएन त्संग हे दोघे चिनी भिक्खू, परम श्रद्धावान. पण कोणत्या गावाहून कोणते तीर्थ कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर, हे त्यांनी निगुतीने लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या वृत्तांतांची फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरे झाली. ती हाताशी घेऊन कनिंगहॅम रानोमाळ हिंडला आणि 1863 साली सहेतच्या ढिगाऱ्यात त्याला बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती मिळाली. तिच्यावरच्या लेखात श्रावस्तीचे नाव होते. तरी विद्वानांत वाद चालूच राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेच गाहडवाल राजा गोविंदचंद्राचा ताम्रपट सापडला, त्यात जेतवनातल्या महाविहाराला दिलेल्या गावांची नोंद होती, आणि शंका मिटली. यात्रेकरूच्या काटेकोरपणामुळे हरवलेले तीर्थ हाती आले. श्रद्धा आणि सत्य यांचे वैर आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

काझुफुसाची जागा चुकली, पण त्याने तिथे जे केले ते चुकले नाही. आईवडिलांचे ऋण मनात धरून तो निघाला, मूर्ती दिल्या, लेख ठेवला. त्या देवळात शतकानुशतके चाललेल्या पूजेत त्याने आपली भर घातली. म्हणून त्याची यात्रा घडली, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. 14 ऑक्टोबर 1956 पूर्वी नागपूरची दीक्षाभूमी हे एक मोकळे मैदान होते. बुद्धाच्या चरित्रातला एकही प्रसंग तिथे घडलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह तिथे धम्म स्वीकारला आणि त्या कृतीने जागा तीर्थ झाली. दरवर्षी वर्धापनदिनी येणारी माणसे पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतात आणि पिशव्या भरून पुस्तके घरी नेतात. धम्माप्रमाणे वागणे हीच पूजा, हे सुत्तातले म्हणणे तिथे असे प्रत्यक्ष चालू असते.

आज आशियाभर जी माणसे तीर्थे पाहत फिरतात, त्यांतली अनेक त्या त्या धर्माची नसतात. जाव्हातले बोरोबुदुर हे बौद्ध स्मारक सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचे. इंडोनेशियात बौद्धांची संख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. 1975 ते 1982 या काळात युनेस्कोच्या मदतीने बोरोबुदुरचे लाखो दगड उतरवून, स्वच्छ करून, पाण्याचा निचरा नीट करून पुन्हा बसवले गेले. 1985 मध्ये अतिरेक्यांनी त्यातल्या काही स्तूपांवर बॉम्बस्फोट केले. त्यांचीही दुरुस्ती झाली. हे स्मारक राखले ते प्रामुख्याने मुस्लिम बहुसंख्य असलेल्या देशाने. लाखो पावलांनी पायऱ्या झिजू लागल्या, तेव्हा वर चढणाऱ्यांची संख्या दिवसाला 1200 वर आणली गेली आणि त्यांना आसपासच्या गावांत विणलेल्या मऊ चपला घालणे सक्तीचे झाले. 2022 साली सरकारने बोरोबुदुर जगभरच्या बौद्धांना उपासनेसाठी खुले करण्याचा करार केला. त्या चपला विणणारे हात बहुधा बुद्धाला नमस्कार करत नसतील. तरीही बोधगयेच्या पाराला पाणी घालणाऱ्यांच्या आणि इसेच्या वनात रोपे लावणाऱ्यांच्या ओळीतच त्यांची जागा आहे. त्या चपला पायांत चढवणारा पर्यटक कोणत्याही धर्माचा असो, पायऱ्या राखण्याच्या कामात तेवढ्यापुरता तोही सामील होतो.