ऐकणाऱ्याचा हक्क

कार्तिकातली काकड आरती ही आमच्या मुकुटबनची खरी दिवाळी, असे मला नेहमी वाटते. फराळ, फटाके, पणत्या हे सारे चार दिवसांचे. काकडा मात्र कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पुरा महिना चालतो. पहाटेचा गारवा, अंगावर घोंगडी, देवळातला कापराचा वास आणि पेटीचे ते पहिले, अजून झोपेत असल्यासारखे सूर. ज्याने हे अनुभवले नाही त्याला ते सांगून कळायचे नाही, आणि ज्याने अनुभवले आहे त्याला सांगायची गरज नाही.

या काकड्यात पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या हातून एक आगळीक घडली. तिचा विचार मी तेव्हा केला नाही. आता मात्र तो दर कार्तिकात न बोलावता येऊन बसतो.

आमच्या भजनी मंडळात एक बुवा होते. कोरडवाहू चार एकरांचे धनी, शिक्षण जेमतेम, पण गळा असा की खंजिरीवर थाप पडून त्यांनी पहिला आलाप घेतला की वाटेने जाणारी बैलगाडीसुद्धा थांबावी. त्यांची एका अभंगाची चाल पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. ती ऐकायला शेजारच्या गावांतून माणसे येत. एका वर्षी दिवाळीत बुवा कोलामांच्या पोडावर दंडार पाहायला गेले. आमचा हा झरी-जामणीचा मुलूख तसा सरमिसळीचा. दक्षिणेला गेले की पैनगंगा आणि तिच्या पलीकडे तेलंगण. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी कानांवर पडते. बुवा दोन रात्री तिकडे राहिले. परत आले ते त्या ढोलाचा ठेका डोक्यात घेऊनच. दुसऱ्याच पहाटे त्यांनी तो प्रसिद्ध अभंग निराळ्या चालीत म्हटला. चाल अवघड होती, जरा रांगडी होती. मध्येच थांबणारी आणि मग एकदम उसळणारी. टाळकऱ्यांची तारांबळ उडाली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

आरती संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतले. मी शाळामास्तर, मंडळाच्या नव्या पेटीसाठी वर्गणी मीच फिरून गोळा केलेली. म्हणालो, "बुवा, लोक लांबून येतात ते तुमच्या जुन्या चालीसाठी. ही पेटीही लोकांनी त्याच चालीसाठी घेऊन दिली. हे नवीन काय काढलंत?"

बुवा वाद घालणारे नव्हतेच. थोडा वेळ खाली पाहत राहिले आणि म्हणाले, "बरं हाय जी मास्तर. तुमी म्हनता तसंच म्हनतो."

आणि त्यांनी तसेच म्हटले. अखेरपर्यंत म्हटले. ती दुसरी चाल पुन्हा कुणी ऐकली नाही. मला त्या दिवशी गावाची सेवा केल्यासारखे वाटले होते.

प्रश्न हा की, मला तो हक्क होता काय?

होता असे म्हणणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. गवई रानात एकटा गात असेल तर त्याने हवे ते गावे. पण तो लोकांत येऊन बसतो, लोक आपला वेळ आणि पैसा देतात, त्याच्यावर जीव लावतात. या देण्याघेण्यातून काही बांधिलकी उत्पन्न होतेच. आपल्या रंगभूमीने तर प्रेक्षकाला 'मायबाप' ही पदवी बहाल केलेली आहे. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, प्रेक्षकांना मायबाप म्हणत, आणि ते केवळ तोंडदेखले नसे. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि मग 'स्वयंवर', 'एकच प्याला', 'द्रौपदी' अशा नाटकांत मायबापांसाठी उत्तमोत्तम देण्याच्या हौसेपायी खर्चाचा हिशेब कधी ठेवला नाही. कर्ज डोक्यावर चढले तरी भरजरी शालू आणि अत्तरे कमी झाली नाहीत. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी 'संयुक्त मानापमान' केले, त्याच्या आठवणी महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. त्यांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल घरंदाज बायकांनी केली. लोकप्रियता म्हणतात ती याहून मोठी कोणती असणार?

पण मायबापांच्या या प्रेमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला. त्यात राणीचे काम एका बाईनेच, दुर्गा खोटे यांनी केले. काळ पालटला होता. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची रीत मावळत होती, नाटक कंपन्या बुडत होत्या. अशा वेळी कर्जाने गांजलेले बालगंधर्व प्रभात कंपनीत गेले. व्ही. शांतारामांच्या 'धर्मात्मा' या १९३५ सालच्या चित्रपटात ते संत एकनाथ झाले. वय सत्तेचाळिशीला आलेले. ज्या पुरुषाला महाराष्ट्राने भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू म्हणून हृदयात बसवले तो आता पुरुषवेषात पडद्यावर उभा राहिला. प्रयोग जमला नाही. लोकांना त्यात आपले बालगंधर्व सापडेनात, आणि खुद्द त्यांचाही जीव त्या कॅमेऱ्यापुढे रमेना. प्रभातशी असलेला संबंध एका चित्रपटानंतर संपला आणि ते पुन्हा आपल्या रंगभूमीकडे, आपल्या शालूंकडे वळले.

याबद्दल त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. जुन्यालाच धरून राहणे हीसुद्धा निष्ठा असू शकते. परंतु मनात येते, मायबाप म्हणून घेणाऱ्यांनी मायबापांचे सगळे कर्तव्य केले काय? आईबापांना लेकराचे बोबडे बोल गोड लागतात हे खरे. म्हणून त्याने जन्मभर बोबडेच बोलावे असे कोणते आईबाप म्हणतील? आम्ही रसिक मात्र नेमके तेच म्हणतो. ज्या वयात, ज्या रूपात तू आम्हाला आवडलास, त्याच रूपात राहा!

दुसऱ्या एका गंधर्वाची हकीकत याच्या उलट आहे. शिवपुत्र कोमकळीमठ हा बेळगाव जिल्ह्यातला, १९२४ साली जन्मलेला मुलगा. लहानपणी नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसे गाऊन दाखवी. प्रत्येक तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांची. तेवढ्यातली प्रत्येक हरकत, प्रत्येक मुरकी त्याच्या गळ्यातून जशीच्या तशी निघे. लोक थक्क झाले. कुमार गंधर्व हे नाव त्याला मिळाले ते त्या बालवयातच. अकराबारा वर्षांचे असताना ते मुंबईस प्रा. बा. र. देवधरांकडे शिकायला राहिले. पुढे विशीत नाव असे झाले की त्याच गाण्यावर आयुष्य सहज निघाले असते.

मग क्षय झाला. १९४८ साली हवापालटासाठी माळव्यात देवासला जाऊन राहिले, आणि काही वर्षे गाणेच बंद. ज्याचे सर्वस्व श्वासावर, त्याचे एक फुफ्फुस निकामी. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर येत होती ती माळव्यातल्या बायकांची गाणी, वाटेने जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते. ते लागू पडले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा गाणे बदललेले होते. लांब दमाच्या तानांच्या जागी छोटे, तुटक, पण विजेसारखे स्वरसमूह आले. लोकगीतांच्या धुनांतून उगवलेले नवे राग आले. पुढे कबीराची निर्गुणी भजने आली. जुने जाणकार बिथरले. हे गाणे कोणत्या घराण्याचे, असा प्रश्न झाला. एका बाजूला जिवाला जीव देणारे चाहते आणि दुसऱ्या बाजूला कपाळाला आठ्या घालणारे पंडित, अशी फाळणी त्यांच्या गाण्याने शेवटपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, सोसली.

मला यातला एक विरोधाभास फार विचार करण्याजोगा वाटतो. जो मुलगा दुसऱ्याची तबकडी बिनचूक वाजवू शकत होता, त्याने मोठेपणी स्वतःचीच तबकडी वाजवण्यास नकार दिला. आणि ज्यांनी तो नकार पचवला त्या श्रोत्यांना मोबदला काय मिळाला? याच कुमारांनी पुढे बालगंधर्वांची पदे आपल्या समजुतीप्रमाणे, आपल्या अंगाने गाऊन दाखवली. नक्कल करणे त्यांना लहानपणापासून येत होते; पण त्यांनी ती केली नाही. जुन्याचा मान असाही राखता येतो.

ही गोष्ट काही आपल्यापुरती नाही. अमेरिकेतला बॉब डिलन साधी गिटार आणि तोंडाजवळ बाजा घेऊन लोकगीतांच्या वळणाची गाणी गात असे. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार आणि साथीदारांचा ताफा घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या कित्येकांनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी इंग्लंडात, मँचेस्टरला, भर कार्यक्रमात कुणीतरी त्याला 'जूडास' म्हणून हाक मारली. जूडास म्हणजे ख्रिस्ताला पकडून देणारा शिष्य. गाण्याचे वाद्य बदलले, यासाठी एवढा मोठा शब्द! त्याच डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले. उलट टेलर स्विफ्ट ही गायिका पाहा. माझी नात तिची भक्त आहे, म्हणून मला ठाऊक. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या 'कंट्री' वळणाची गाणी गाऊन ती मोठी झाली. २०१४ साली ते वळण सोडून तिने निव्वळ पॉप गाण्यांचा '१९८९' नावाचा संच काढला, आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या १२ लाख ८७ हजार प्रती खपल्या.

म्हणजे बदल करणाऱ्यांपैकी एकाचा चित्रपट चालला नाही, एकाच्या श्रोत्यांची फाळणी झाली, एकाला शिवी मिळाली, एकीचा खप आभाळाला भिडला. यावरून बदल बरा की वाईट हे ठरते काय? मुळीच नाही. खपाच्या आकड्याने एवढेच कळते की किती माणसे तयार होती; गाणाऱ्याने योग्य केले की नाही हे त्यातून कळत नाही. 'धर्मात्मा' धो धो चालला असता तरी बालगंधर्वांचा जीव तिथे रमला नसताच. आणि कुमारांच्या मैफली ओस पडल्या असत्या तरी देवासच्या अंथरुणावर त्यांना ऐकू आले ते खोटे ठरले नसते.

"पण मास्तर," कुणी म्हणेल, "उद्या एखादा केवळ पैशासाठी चाल बदलील, तेव्हाही आम्ही माना डोलवायच्या?" तसे नव्हे. लोभाने केलेला बदल असतो, आळसाने केलेला असतो, आणि नुसता चमकण्यासाठी केलेलाही असतो. ऐकणाऱ्याला उठून जाण्याचा हक्क आहे, नापसंती सांगण्याचा हक्क आहे, पुन्हा न येण्याचाही आहे. दिलेली वर्गणी त्याला एवढे सारे मिळवून देते. परंतु 'अमुकच गा' हे त्या वर्गणीत येत नाही. आणि बदल लोभाचा की आतल्या ओढीचा, हे पहिल्या ओळीवर ओळखणारा कान देवाने फार थोड्यांना दिला आहे. बाकीच्यांना पुरते ऐकावे लागते. एकदा नव्हे, दोनचारदा.

माझा अपराध नेमका इथे आहे. मला बुवांची नवी चाल आवडली नाही, यात गैर काही नव्हते. पण मी ती एकदाच ऐकली, आणि पेटीच्या वर्गणीचा हवाला देऊन ती बंद पाडली. बुवा गरीब, मी मास्तर. माझ्या शब्दाला गावात वजन. कुमारांच्या अंगी जगाशी झुंजण्याचे बळ होते, आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारेही होते. मुकुटबनच्या बुवांच्या बाजूने कोण होते? ती चाल चांगली होती की वाईट, हे आता कधीच ठरणार नाही. कारण बुवा गेले, आणि मला तिचा ठेका पुसटसा आठवतो, सूर आठवत नाहीत. कित्येकदा पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या बोटांनी पलंगाच्या काठावर तो ठेका धरून पाहतो. मध्येच थांबतो तिथपर्यंत येतो. पुढचे ते उसळणे काही केल्या सापडत नाही.

गेल्या वर्षापासून आमच्या काकड्यात एक कॉलेजात जाणारा पोरगा पेटीवर बसतो. त्याने बुवांच्या त्याच अभंगाला परवा तिसरीच चाल लावली. कुठल्या सिनेमाच्या वळणाची, असे मला पहिल्या कडव्यालाच वाटले. शेजारचे दोघेतिघे माझ्याकडे पाहू लागले, मास्तर आता काही म्हणतील म्हणून. मी टाळ उचलले. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा ताल थोडा हाती लागला. आरती संपल्यावर पोराने भीत भीत विचारले, "आजोबा, कशी वाटली जी चाल?"

मी म्हणालो, "अजून कळली नाही बाबा. उद्या पुन्हा म्हण."