डोंगर कोणी खावा?

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस राजुरा, कोरपना आणि जिवती ह्या तालुक्यांत जो चुनखडक पसरला आहे, त्याचे थर एखाद्या दप्तरखान्यात कागदांचे गठ्ठे रचून ठेवावेत तसे जवळजवळ आडवे पडलेले आहेत. रंग कोठे करडा, कोठे किंचित गुलाबी. भूशास्त्रज्ञ त्यास पैनगंगा गटात घालतात. त्याच्या नेमक्या वयाविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. परंतु शंखशिंपल्यांत राहणारे जीव पृथ्वीवर येण्याच्या फार पूर्वी हा गाळ समुद्रतळी बसला, ह्याविषयी दुमत नाही. येथे शिंपला शोधू जाणारा रिकाम्या हाताने परततो तो ह्याचमुळे.

अशा खडकाच्या मुलखाला युरोपात 'कार्स्ट' म्हणतात. आद्रियाटिक समुद्राजवळच्या एका पठाराचे हे नाव. १८९३ साली यॉव्हान त्स्वीयिच ह्या सर्बियन पंडिताने व्हिएन्नात लिहिलेल्या प्रबंधामुळे ते शास्त्राच्या परिभाषेत रूढ झाले. पावसाचे पाणी हवेतील आणि त्याहून कितीतरी अधिक मातीतील कर्बवायू शोषून सौम्य आम्ल बनते व भेगांतून उतरत खडक विरघळवते. उष्ण प्रदेशांतील अरण्यांत पाला कुजून मातीत हा वायू विपुल साठतो. म्हणजे डोंगर खाण्याच्या कामी अरण्यच पाण्याला दात पुरवते. चीनमधील ग्वेलिनचे सुळके ह्याच भोजनाचे उष्टे होत. आमच्या चांद्याकडे तसला देखावा नाही. थरांवर काळी माती, काही ठिकाणी काळ्या पाषाणाचे जाड पांघरूण. जे काही घडते ते बहुतेक जमिनीच्या पोटात. तथापि गडचिरोलीच्या पूर्वेस, इंद्रावतीपलीकडे बस्तरात जगदलपूरजवळ कुटुमसरची गुहा आहे. तेथील लवणस्तंभ पाहिले म्हणजे हे पोटातले काम काय असते ते कळते. त्या अंधारात राहणाऱ्या एका बारीक माशाचे डोळे खुरटले आहेत आणि अंगाचा रंगही उतरला आहे.

इतकी प्रस्तावना करण्याचे कारण असे की, गडचांदूर-आवारपूरच्या बाजूस १९८० नंतरच्या दशकात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले आणि तेव्हापासून त्या खडकाला पाण्याहून फार मोठा खाणारा भेटला. ह्याविषयी कोणी हळहळ व्यक्त केली की एक उत्तर ठरलेले असते: डोंगर काय, पाणीही खातेच, माणसाने खाल्ला तर बिघडले कोठे? उत्तर चतुर आहे, आणि चतुर उत्तरे झटकून टाकण्यापेक्षा तपासून पाहिलेली बरी.

पाणी सावकाश खाते आणि माणूस भराभर, एवढेच म्हणून भागत नाही. वेगाचा भेद हा जातीचा भेद नव्हे, असे तार्किक लागलीच म्हणेल. खरी गोम आम्हांस निराळीच दिसते. नदीपुढे दुसरा मार्ग नसतो. म्हणून ती पुण्यवानही नाही आणि पापीही नाही. माणसापुढे तो असतो. नदीचा दाखला देणारा मनुष्य कर्तृत्व स्वतःकडे ठेवतो आणि निर्दोषपणा मात्र जडवस्तूंकडून उसना आणतो. भूकंपात घरे पडतात, म्हणून शेजाऱ्याचे घर पाडणाऱ्यास कोणी सोडून देत नाही.

शिवाय पाण्याचे खाणे हे निव्वळ खाणे नव्हे. विरघळलेला चुना ते पुढे कोठेतरी ठेवते, गुहेच्या छताला लोंबवते किंवा समुद्रातल्या शिंपल्याच्या स्वाधीन करते. जी पोकळी पाडते तीत स्वतःच साठून राहते, आणि उन्हाळ्यात झरा होऊन बाहेर येते. भट्टीचा हिशेब वेगळा. शंभर भार शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन्न भार चुना हाती येतो आणि चव्वेचाळीस भार वायुरूपाने आकाशात जातो. आमच्या आजांच्या घरांचा चुनाही भट्टीतूनच आला होता, हे येथे विसरता कामा नये. भिंतीतला तो चुना हवेतील वायू परत घेत घेत वर्षानुवर्षांनी पुन्हा दगड होतो. सिमेंटही काही अंशी तसे करते, परंतु भट्टीला जाळलेल्या कोळशाचा धूर कोणतीच भिंत परत घेत नाही.

असो. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर सिमेंटचेच छत असेल, लिहिणाराच्याही आहे. पन्नास किलोच्या एका गोणीमागे साठ-सत्तर किलो दगड खर्ची पडतो. तेव्हा डोंगरास हात लावू नये असा उपदेश आम्ही करीत नाही. तसला उपदेश नगरवासीयाच्या तोंडी शोभतही नाही. हात लावण्यापूर्वी कोणास विचारावयाचे, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो लहान नाही. ह्या टेकड्यांवर गोंड आहेत, कोलाम आहेत. कोलामांची गणना तर शासन अतिदुर्बळ आदिम जमातींत करते. झऱ्याचे पाणी आटले तर घागर घेऊन लांब जाणारी बाई तेथली असणार, आमच्या घरची नव्हे.

कायद्याने ह्याची सोय कशी लावली आहे, ते पाहण्याजोगे आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. मोठ्या खनिजास ही अट नाही. तेथे जमीन संपादन करावयाची असेल तर हा कायदा सल्ला घ्यावयास सांगतो. मग चुनखडी गौण की मोठी? २०२५ पर्यंत ती बांधकामाचा चुना पाडण्यासाठी साध्या भट्टीत जाणार असेल तर गौण ठरे, सिमेंटच्या कारखान्यात जाणार असेल तर मोठी. खडक तोच, थर तोच, गावही तेच. चार गाड्या दगड नेणाऱ्याला गावाची शिफारस आणावी लागे, आणि सबंध टेकडी नेणाऱ्यास तिची गरज पडत नसे.