खालचा रस्ता

रात्री साडेनऊच्या सुमाराला बोरिवलीला उतरणाऱ्या बाईला घरी जायला दोन वाटा असतात. वर स्कायवॉक आहे. तिथे ना रिक्षा, ना चिखल, ना हॉर्न. खाली बाजाराचा रस्ता आहे, तिथे हे सगळं आहे, शिवाय फुटपाथवर चढणाऱ्या बाइकही. तरी ती खालूनच जाते. वर एकदा चढलं की पुढचा जिना येईपर्यंत सुटका नाही. दोन्ही बाजूंना कठडा, आणि मागे पावलं वाजली तर वळायला फाटा नाही. खाली निदान भाजीवाली असते.

मुंबईतला पहिला स्कायवॉक 2008 साली बांद्रा पूर्वेला झाला, मग अंधेरी, घाटकोपर, बोरिवली असे ते उपनगरांत पसरत गेले. पादचाऱ्याला गाडीपासून वाचवायचं, हा त्यामागचा हिशेब. तो खोटा नाही, पण पुरुषाच्या चालण्यावरून मांडलेला आहे. गाडी अंगावर येईल ही धास्ती बाईलाही असतेच. अंधार पडल्यावर मात्र तिच्या यादीत ती पहिली राहत नाही.

भाजीवालीपाशी थांबता येतं, हे तिचं खरं मोल. मेथीची जुडी उलटसुलट करताना मागून येणारा पुढे निघून जातोय का, ते बघता येतं. आपल्याकडे बाईला रस्त्यात थांबायला कारण लागतं. पुरुष नाक्यावर तासभर नुसता उभा राहिला तरी कोणी मान वळवत नाही. बाई दहा मिनिटं उभी राहिली की येणारा-जाणारा चौकशी करायला लागतो. म्हणून कानाला फोन, हातात पिशवी, चालीत घाई. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या 2011 सालच्या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं: शहरात वावरताना बाईला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं, आणि तिला हवा आहे तो विनाकारण रेंगाळण्याचा हक्क. त्याच वर्षी मुंबईतल्या संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली, कारण मुतारी पुरुषांना फुकट होती आणि बायकांना पैसे पडत होते. रेंगाळणं राहिलं दूर, घरून निघताना पाणी किती प्यायचं याचाही हिशेब ती करते.

अर्थात बाजाराचं फार कौतुक नको. फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. घाटकोपर स्टेशनच्या आसपास संध्याकाळी ती शोधून दाखवावी! गर्दीत कोणाचं कोपर कुठे लागेल याचा नेम नाही, आणि पर्स पुढे छातीशी धरायची सवय मुलींना शाळेच्या वयातच लागते. पण तिथे ओरडलं तर ऐकायला कोणीतरी असतं.

महापालिकेच्या ‘हरितवारी जलतीरी’ प्रकल्पाबद्दल मला शंका येते ती इथेच. तानसा जलवाहिनीच्या कडेची अतिक्रमणं हटवून मुलुंडहून धारावीकडे आणि घाटकोपरहून सहारकडे असा सुमारे 39 किलोमीटरचा सायकलमार्ग करायचा, अशी ती योजना. नाव गोड आहे, आणि गाड्यांच्या धुराविना सायकल चालवण्याची कल्पनाही. पण जलवाहिनी जाते वस्त्यांच्या पाठीमागून. बऱ्याच ठिकाणी एका बाजूला पाइप, दुसऱ्या बाजूला भिंत. सकाळी हेल्मेट घालून पाच-सहा जणांनी मिळून जायला ती वाट छानच. पण क्लास सुटल्यावर रात्री आठला घरी निघणाऱ्या मुलीला तिची आई त्या वाटेने जा म्हणेल? मला नाही वाटत. मार्ग आखताना रुंदी मोजतात. किती अंतरावर बाहेर पडायला फाटा आहे आणि त्याच्या तोंडाशी चहाची टपरी आहे का, हेही मोजायला हवं.

तोवर बाई पैसे मोजते. जागतिक बँकेने 2019 मध्ये मुंबईत सहा हजारांवर लोकांची पाहणी केली. 2004 पासूनच्या काळात कामावर जाण्यासाठी पुरुष दुचाकीकडे वळले आणि बायका रिक्षा-टॅक्सीकडे, असं तीत दिसलं. फेरीगणिक रिक्षाच महाग पडते. मुलुंडला स्टेशनपर्यंतचं जे अंतर ती सकाळी फुकट चालून जाते, तेच रात्री किमान 26 रुपयांचं होतं.

सायकलही स्वस्तच, पण उपनगरात ती चालवतो पाववाला, नाहीतर दूधवाला. मुली सोसायटीच्या आवारात चालवतात, आणि आठवी-नववीत ती सायकल जिन्याखाली जाते. राज्य सरकारचा मानव विकास कार्यक्रम मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जायला सायकल देतो, तोही आठवीपासूनच. म्हणजे गावात ज्या वयात सायकल हाती येते, त्याच वयात अंधेरीत ती सुटते.

कोविडच्या काळात मुंबईच्या ‘सायकल महापौर’ फिरोजा सुरेश यांनी घरकाम करणाऱ्या बायकांना सायकल शिकवायला घेतलं. मला हा मोठ्या सायकलमार्गापेक्षा शहाणा उद्योग वाटतो. त्या बाईचा रस्ता मुळातच वळणावळणाचा: तीन-चार इमारती, मध्ये रेशनचं दुकान, मग मुलाची शाळा. पाइपाच्या कडेने तिला कुठेच जायचं नसतं. तिला भर वस्तीतून जायचं असतं आणि पोचल्यावर सायकल लावायला जागा हवी असते. सोसायटीच्या आवारात मोटारींसाठी पांढरे पट्टे ओढून नंबर घातलेले असतात, कामाला येणाऱ्या बाईची सायकल मात्र गेटबाहेर. हा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत घ्यायला महापालिकेची परवानगी लागत नाही.