मार आणि उपकार

कल्याणात आनंदीबाई जोशी म्हणजे घरची मुलगी. इथे वाढली, इथेच नवव्या वर्षी बोहल्यावर चढली, यमुनेची आनंदी झाली. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. वक्तृत्वस्पर्धेत दर वर्षी कुणी ना कुणी मुलगी तिच्यावर बोलतेच, आणि भाषण एका ठरलेल्या वळणावर येतं: यशस्वी पुरुषामागे बाई असते असं म्हणतात, इथे बाईमागे पुरुष उभा होता! टाळ्या. मी कल्याणातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, मुलांच्या एकांकिका बसवते. या टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, वाजवल्याही आहेत.

मला सतावणारा प्रश्न या टाळ्यांच्या आतला आहे. ज्याने मारून शिकवलं, त्याचे उपकार मानायचे का? आणि मानले, तर मार माफ होतो का? कुणी याला बायकी चिकित्सा म्हणेल. मला तो धर्माचा प्रश्न वाटतो, कारण त्याची उत्तरं आपल्याकडे देवघरातून आणि कीर्तनातून आली आहेत.

आधी आनंदी स्वतः काय म्हणते ते पाहू. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीत बसली, नवऱ्याशिवाय, अठरा वर्षांची. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. त्या काळात गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात तिने लग्नानंतरच्या वर्षांचा हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे मारले, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकली, सोडून जाण्याची धमकी दिली, चौदाव्या वर्षी आणखी चमत्कारिक शिक्षा केल्या. ही यादी तिचीच आहे, वयानुसार लावलेली. मग ती निवाडा देते. तुमची वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं अवघड आहे; शेवटचा हेतू पाहिला तर बरोबर वाटते, पण लहान मुलीच्या मनावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने ती चूकच होती. तुमच्यावाचून मी इथवर आले नसते, त्याबद्दल मी कायमची ऋणी आहे, हेही ती लिहिते, आणि लगोलग आठवण करून देते की त्या सगळ्या काळात आपण शांत राहिलो, हे तुम्ही नाकारू शकणार नाही.

हे पत्र गुप्त वगैरे नाही. मीरा कोसंबींनी आनंदीबाईंवर अनेक वर्षं काम केलं, या पत्राकडे लक्ष वेधलं, त्यावर लिहिलं. तरी कल्याणात कुणालाही विचारा, गोपाळराव 'विक्षिप्त' होते एवढंच उत्तर येईल. विक्षिप्त हे विशेषण आपण फार उदारपणे वाटतो. चहात मीठ घालून पिणारा विक्षिप्त. दहा वर्षांच्या मुलीवर लाकूड उगारणाऱ्यासाठी दुसरं काहीतरी शोधायला हवं.

श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ ची. तिच्यावरून नाटक आलं, टीव्ही मालिका आली, आणि २०१९ साली समीर विद्वांस यांचा चित्रपट आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट देखणा आहे, मलाही आवडला. पण आमच्या वर्गातल्या मुली तो पाहून आल्या त्या ललित प्रभाकरच्या गोपाळरावांच्या प्रेमात पडून. 'मॅडम, असा नवरा पाहिजे.' तापट, हट्टी, जगाशी भांडणारा, आणि बायकोला शिकवणारा! यात मुलींचा दोष काढण्यात अर्थ नाही. पडद्यावर हट्टी पुरुषाचा हट्ट नेहमी प्रेमासारखा दिसतो, आणि समोर बसलेल्याला शेवट आधीच ठाऊक असतो. डॉक्टर होणार आहे ना ती? मग मधलं सगळं सोसण्यालायक वाटू लागतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आनंदीवर एकांकिका बसवायला घेतली. तालीम जुन्या कल्याणात, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. बाळंतपणाच्या प्रवेशापाशी गाडी अडली. आनंदीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. नाटकवाल्यांना हा प्रवेश फार आवडतो. डॉक्टर का व्हायचं, याचं कारण आयतं मिळतं, रडायलाही जागा होते. आनंदी करणारी मुलगी संहिता हातात धरून गप्प उभी राहिली. मग म्हणाली, 'मॅडम, चौदाव्या वर्षी बाळ म्हणजे दिवस तेराव्या वर्षी गेले. माझी बहीण तेरा वर्षांची आहे. आठवीत.' कुणीतरी खुसकन हसलं. गोपाळराव करणारा मुलगा मात्र खाली बसला. बारावीतला पोरगा, कोळसेवाडीहून सायकलवर येणारा. 'मग मी हे प्रेमाने कसं करू?' त्याने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हाचा कायदा मी सांगितला. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचं वय दहा होतं. १८९१ साली ते बारा झालं, तेही कलकत्त्यातली फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या हातून मेली म्हणून, आणि त्या बाराला टिळकांसकट किती जणांनी धर्मबुडवेपणा म्हटलं होतं. आनंदीच्याच पिढीतल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तेव्हा हायकोर्टाने त्यांना नवरा नाहीतर तुरुंग असा पर्याय दिला. म्हणजे गोपाळरावांनी बेकायदा काहीच केलं नाही. मुलांनी ऐकून घेतलं. आनंदी करणारी मुलगी म्हणाली, 'पण तिला चालणार होतं का, हे कुणी विचारलं?'

बाळ गेल्याचं दुःख आपण दीडशे वर्षं दाखवतो आहोत. बाळ आलं कसं, हा प्रवेश अजून कुणी लिहिलेला नाही. आनंदीने पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. तिला जे म्हणायचं होतं त्यातलं काही मला त्या निवडीत दिसतं, पण तो माझा तर्क समजा.

आता धर्माकडे येते. माझी आजी बहिणाबाईंचे अभंग म्हणायची. कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नव्हेत, शिऊरच्या संत बहिणाबाईंचे. सतराव्या शतकातल्या या बाईने आपलं आयुष्य स्वतः अभंगांत सांगून ठेवलं. कळण्यासवरण्याआधीच लग्न झालं, तिशीतल्या बिजवराशी. घरदार सोडून फिरत फिरत कुटुंब कोल्हापुरात आलं. तिथे हिला कीर्तनाची ओढ लागली, पुढे तुकोबांचा ध्यास लागला. तुकोबा ब्राह्मण नव्हेत. नवरा वेदपाठी. त्याने तिला बांधून मारलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दोनशेहून जास्त वर्षांनी गोपाळरावांची बदली झाली ती कोल्हापुरातच, आणि तिथूनच त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. एकाने बायकोला देवाकडे जाते म्हणून मारलं, दुसऱ्याने अभ्यास सोडते म्हणून. दोघांच्या मते ते तिच्या भल्याचंच होतं.

बहिणाबाईंनी यातून जी वाट काढली ती आपल्या परंपरेला फार मानवली. नवरा आजारी पडला, वरमला, बदलला, आणि दोघं देहूला गेली. पतीची सेवा हाच आपला धर्म, असं त्या मनाशी ठरवतात, आणि पांडुरंगही सोडत नाहीत. आजी हे सांगताना म्हणायची, 'बाईने सोसलं म्हणून पुरुष तरला.' लहानपणी मला हे फार थोर वाटायचं. आता वाटतं की यात एक सोयीचं गणित आहे. बाईच्या क्षमेने पुरुषाचं पाप धुतलं जातं, आणि क्षमा तर तिने करायचीच असते, नाहीतर ती बाई कसली! मग पाप कुणाच्या नावावर उरतच नाही.

बहिणाबाईंना मी बोल लावत नाही. जीव वाचवून, विठ्ठल न सोडता, गुरू आपला आपण निवडून त्या जगल्या. त्या काळात याहून मोठं बंड कुठलं? आणि त्यांनी मार लपवला नाही. लिहून ठेवला. आपण मात्र त्यांचं पातिव्रत्य तेवढं गात बसलो.

आनंदीचं पत्र मला इथे एक पाऊल पुढे गेलेलं दिसतं. तिनेही धर्म सोडला नाही. अमेरिकेला जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं तिने सांगितलं होतं आणि ते पाळलं. साडी नेसूनच वावरली, मांसाला शिवली नाही. पण त्याच पत्रात ती लिहिते की हिंदू बाईला नवऱ्यापुढे बोलण्याचा, त्याला सल्ला देण्याचा हक्कच नाही. त्याला करू द्यायचं आणि आपण गप्प राहायचं. हे ती बाहेर उभी राहून म्हणत नाही. धर्माच्या आत बसून, पाटावरून, म्हणते. आणि कृतज्ञता व तक्रार यांतली एक दुसरीत विरघळू देत नाही. ऋण खरं, आणि मारही खरा. दोन्ही रकमा वहीत वेगवेगळ्या.

आमच्या एकांकिकेनंतर एका स्पर्धेतले परीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, गोपाळरावांवर अन्याय केलात. त्या काळात त्या माणसाने काय काय सोसलं!' सोसलं, हे शंभर टक्के खरं. बायकोबरोबर उघडपणे फिरायला गेले म्हणून लोक हसले, नातेवाईक तुटले, बदल्या मागून घ्याव्या लागल्या. त्यांच्याइतका धीर त्या वेळी लाखात एकाला नव्हता. पण परीक्षक पुढे जे म्हणाले त्यापाशी मी अडले. 'शेवटी फळ काय मिळालं ते बघा ना.'

आपण गीता कुठेही म्हणतो. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, हे कल्याण-डोंबिवलीत रिक्षांच्या मागेसुद्धा लिहिलेलं सापडेल. आणि न्यायाची वेळ आली की पहिल्यांदा फळाकडेच बघतो. मुलगी डॉक्टर झाली, मार वसूल. समजा आनंदी वाटेत बोटीवरच दगावली असती, तर त्याच खुर्च्या, तीच पुस्तकं, तोच माणूस, आणि आपण त्याला काय म्हटलं असतं? फळावरून कर्म धुऊन निघत असेल तर तो नशिबाचा खेळ झाला, धर्म नव्हे. आणि फळ तरी कुणाला लाभलं? २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती क्षयाने गेली, बावीसही पूर्ण नव्हती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, पण एक दिवसही काम करता आलं नाही. ते फळ आपण खाल्लं. पुतळे, पुरस्कार, चित्रपट.

हे सगळं उकरून आज काय करायचं, असं एक पालक मला म्हणाले. आज हेच करायचं आहे, कारण माझ्या वर्गात गोपाळराव रोज येतात. डोंबिवलीची एक मुलगी सांगते, 'तो खूप सपोर्ट करतो मला, क्लासची फीसुद्धा त्याने भरली. फक्त लोकेशन ऑन ठेवायला लावतो.' लोकल चुकली की फोन: कुठे आहेस, फोटो पाठव. इन्स्टावरचा डान्सचा रील काढून टाकायला लावला, तोही तिच्या करिअरसाठी. एकदा दंड धरून पिळला. ती ते सांगताना हसते आणि पुढे म्हणते, 'पण चांगला आहे हो तो, माझ्या भल्यासाठीच करतो.' हे वाक्य तिने कुठून आणलं असेल? घरून, सिनेमातून, आणि मी कबूल करते की आमच्या वक्तृत्वस्पर्धांतूनही. दर वर्षी आम्हीच टाळ्या वाजवल्या आहेत.

त्या मुलीला 'सोड त्याला' असं मी सांगितलं नाही. सांगून कुणी सोडत नाही. आनंदीच्या त्या पत्राचा मजकूर वाचायला दिला. तिने वाचला आणि म्हणाली, 'म्हणजे थँक्यू म्हणूनसुद्धा चूक होती असं म्हणता येतं?' येतं की. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या मुलीने म्हटलेलं आहे, तेही नवऱ्याला, लेखी.

एकांकिकेत शेवटी आम्ही बाळंतपणाचा प्रवेश काढला आणि तिथे पत्र ठेवलं. आनंदी ते वाचते, गोपाळराव पाठमोरे उभे राहून ऐकतात, एवढंच. बक्षीस मिळालं नाही. गोपाळराव करणाऱ्या मुलाला मात्र अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं.

कल्याण-ठाण्यातल्या शाळा-कॉलेजांना, मंडळांना, आणि पुढच्या वेळी आनंदीवर नाटक-सिनेमा करणाऱ्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. गोपाळराव खुशाल मोठे दाखवा. आनंदीची कृतज्ञताही दाखवा, ती तिचीच आहे. पण तिने दहा, बारा, चौदा अशी वयं घालून जी यादी लिहिली, ती गाळू नका.