सरकारमान्य

बी. कॉम.ला आम्हाला ऑडिटिंग होतं, नीतिशास्त्र नव्हतं. त्यामुळे संध्याकाळी कॅश जुळली की माझं मन शांत होतं, एवढीच माझी नीतिमत्ता. पण काशीला जाऊन आल्यापासून एक नोंद काही केल्या जुळत नाही. जमेला धरावी की नावे टाकावी, हेच कळत नाही.

त्याचं असं झालं. बँकेची एल.एफ.सी. लॅप्स व्हायला आली होती. फुकट जाणारी सवलत सोडणं हे बँकेतल्या माणसाच्या दृष्टीने पापच. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काशी करायचीच होती. दर महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या रांगेत चार-चार तास उभी राहणारी बाई. तिला विश्वेश्वर नको कसा असेल? तेव्हा त्या, मी, हे आणि बारावीतले चिरंजीव असे आम्ही हिंगोलीहून निघालो. सोबत आत्याबाईंचे दोन गुडघेही होते. त्यांना वेगळं तिकीट लागत नाही, एवढंच. बाकी प्रवासभर त्यांची सरबराई एखाद्या पाहुण्यासारखी करावी लागते.

गुडघ्यांपेक्षा वाईट म्हणजे झोप. मामंजी गेल्यापासून आत्याबाईंना रात्री झोप नाही. हिंगोलीतल्या सगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. त्या गोळ्यांनी दिवसा झोप येते आणि रात्री पुन्हा टक्क जाग. काशीत आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीने ही कहाणी ऐकली आणि चहात साखर घालावी इतक्या सहजपणे सांगितलं, "रात को भांग की छोटी सी गोली दे दो माताजी को."

मी यांच्याकडे पाहिलं. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. म्हणाले, "मी जाणार नाही. कुणी विद्यार्थी दिसला तर?"

"काशीत?"

"विद्यार्थी कुठंही असतात."

मग राहिलं कोण? मी. "मी पण येतो," चिरंजीव म्हणाले. एरवी कोथिंबीर आणायला चारदा हाका माराव्या लागतात.

दुकान शोधावं लागलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी पाटी होती, भांगेची सरकारी दुकान. आपल्याकडे रास्त भाव धान्य दुकानाची असते तशीच, तितकीच कळकट. आत लाकडी फळी, पितळी तराजू, आणि परातीत हिरव्यागार गोळ्यांची उतरंड. मेथीचे मुटके वळून ठेवावेत तशी. मागे शंकराचा फोटो, त्याला ताजा हार. लुंगी सावरून बसलेला दुकानदार आमच्या बँकेतल्या हेड कॅशियरइतकाच कंटाळलेला. माझ्या कल्पनेत अशा ठिकाणी अंधार असतो, लाल डोळ्यांची माणसं असतात, मागच्या दाराने पळायची सोय असते. इथं एक गृहस्थ दुधाची पिशवी हातात धरून रांगेत उभे होते.

तरी पायरीवर पाय ठेवताना मी डावी-उजवीकडे पाहिलं. डोक्यावरून पदर घेतला. दागिने गहाण टाकायला आलेल्या बायका आमच्या शाखेत शिरताना अशाच बघतात. त्यांना आजवर मी "या, बसा" का म्हटलं नाही, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा जाणवलं.

"किसके लिए, बहनजी?"

"सासूबाईंसाठी," मी मराठीत बोलून गेले. मग घाईने, "सास के लिए. औषध. दवा." एवढे खुलासे मी इन्कम टॅक्सच्या नोटिशीलाही दिले नसते. त्याने मात्र काहीच विचारलं नाही. पॅन नाही, आधार नाही, केवायसी नाही, दोन साक्षीदार नाहीत. सुपारीएवढी गोळी कागदात बांधली आणि बजावलं, "इसका भी आधा. बूढ़ी हैं न."

बाहेर आलो. दहा पावलं झाल्यावर चिरंजीवांनी विचारलं, "आई, हे कायदेशीर आहे?"

"इथं आहे."

"हिंगोलीत?"

"नाही."

"मग चूक काय आहे? भांग, की हिंगोली?"

इथं मला बी. कॉम. झाल्याचा पश्चात्ताप झाला.

घरी आल्यावर मी हा विषय थोडा वाचून काढला. ऑडिटिंगची सवय, व्हाउचर पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. गंमत अशी, की झाड एकच. त्याची पानं वाटली की भांग, मादीच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा, आणि चीक काढला की चरस. केंद्र सरकारचा अमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे नेमका बालदिनी, लागू झाला. तो गांजा आणि चरस धरतो; नुसती पानं आणि बिया, सोबत शेंडे नसतील तर, सोडून देतो. पानांचं काय करायचं ते राज्यांनी बघावं. म्हणून उत्तर प्रदेशात पानांची दुकानं सरकार लॉटरी काढून वाटतं आणि आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये तीच पानं परवान्याशिवाय जवळ बाळगली तर गुन्हा. एकाच झाडाचा खालचा मजला सज्जन, वरचा मजला गुन्हेगार. आणि सज्जन मजलासुद्धा रेल्वेत बसून राज्याची हद्द ओलांडेपर्यंतच सज्जन.

रेघांची ही मजा आम्हा हिंगोलीकरांना नवी नाही. ३० एप्रिल १९९९ च्या रात्री आम्ही परभणी जिल्ह्यात झोपलो आणि १ मे रोजी हिंगोली जिल्ह्यात उठलो. रेघ बदलली, पत्ता बदलला. चूल तीच, कयाधू नदी तीच, आणि शेजारीणही तीच.

इंग्रज सरकारला एकदा हाच प्रश्न पडला होता. विलायतेच्या पार्लमेंटात ओरड झाली, की हिंदुस्थान गांजाने बरबाद होतो आहे. तेव्हा १८९३ साली एक कमिशन नेमलं. त्यांनी ११९३ साक्षीदार तपासले. (आमच्या कर्जवसुलीला दोन मिळत नाहीत.) १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. सार असं, की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सरसकट बंदी करू नये, परवाने द्यावेत, कर लावावा. सात खंड लिहून सरकार शेवटी आलं कुठं, तर कर लावावा! आम्हा कॉमर्सवाल्यांना हे आधीच माहीत असतं. आता कॅनडाने २०१८ साली हेच केलं. माझी एक मैत्रीण कॅलिफोर्नियात असते. तिथं त्याच वर्षापासून ही वस्तू मोठ्या माणसांना उघड विकतात. ती पहिल्यांदा त्या दुकानात गेली तेव्हा दारातच वयाचा पुरावा मागितला म्हणून खूश झाली होती. पंचेचाळिशीनंतर वयाचा पुरावा मागणारी जागा जगात दुसरी नाही.

पण चिरंजीवांचा प्रश्न परवान्याचा नव्हताच. आता खरं ते सांगते.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका मुलाला शिकवणीच्या वर्गामागे गांजाची सिगरेट ओढताना सरांनी पकडलं. मुलगा चिरंजीवांचा लहानपणापासूनचा मित्र. आमच्याच घरी धपाटे खाऊन वाढलेला. पोलिसात गेलं नाही, पण वर्गातून काढला आणि दोन दिवसांत गल्लीभर झाला. केंद्राच्या कायद्यात एक किलोपर्यंत गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण'. गल्लीचा कायदा मात्र चिमटीला जन्मठेप देतो, आणि त्या कोर्टात मीही न्यायाधीश होते. "त्याच्याशी बोलायचं नाही," मी निकाल दिला. अपील नाही. पुढच्या आठवड्यात त्याची आई माझ्या काउंटरला पासबुक घेऊन आली. एरवी आमचं अर्धा तास चाले. रांग कितीही असो. त्या दिवशी मी एंट्री मारली, पासबुक सरकवलं आणि म्हटलं, "नेक्स्ट."

त्या 'नेक्स्ट'ची नोंद जुळत नाही म्हणते मी.

वास्तविक आम्ही आया काय मोठ्या धुतल्या तांदळाच्या? तान्ह्याला झोप लागावी म्हणून सहाणेवर जायफळाचे दोन वेढे जास्त उगाळणारी बाई घरोघर आहे. आत्याबाई उगाळत, मीही उगाळलं. जायफळ जास्त झालं तर नशा येते, हे वाण्यालाही ठाऊक असतं. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका १९२० च्या सुमारास लेकरांना अफूची बाळागोळी देऊन पाळीवर जात, हे त्या काळच्या सरकारी चौकशांत नमूद आहे. दहा तास यंत्रापुढे उभं राहायचं, तर घरी रडणाऱ्या पोराचं काय करायचं? त्या बायांना काय म्हणावं? नशेबाज आई म्हणावं, की पोटासाठी पोराला झोपवणारी आई? आणि तिला दहा तास उभी करणाऱ्या गिरणीमालकाला काय म्हणावं, हे त्या कमिशनला कुणी विचारलंच नसतं. अनारशांना आपण जी खसखस लावतो ती अफूच्याच बोंडातली. आपण खसखस म्हणतो म्हणून ती सात्त्विक.

म्हणजे सगळं सारखंच, असं मी म्हणत नाही. सतरा वर्षांच्या पोराने गांजा ओढणं आणि शहात्तर वर्षांच्या बाईने झोपेसाठी गोळी घेणं यांत फरक आहेच. मेंदू अजून वाढीला लागलेला असतो, डॉक्टर उगाच ओरडत नाहीत. मीही ओरडणारच. माझा घोळ वेगळा आहे. मी त्या पोरावर रागावले होते, ते त्याच्या मेंदूच्या काळजीने की आमच्या घराच्या अब्रूच्या? काळजी असती तर मी त्याच्या आईला "नेक्स्ट" म्हटलं नसतं.

तर काशी. रात्री आत्याबाईंनी गोळीतला हरभऱ्याएवढा तुकडा आधी कोनाड्यातल्या महादेवाला दाखवला, मग दुधाबरोबर घेतला. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "काय बी होईना बाई. पालकाची भाजी दिली की काय मेल्यानं? आन अजून थोडी."

मी पुडी उघडायला गेले, तोच चिरंजीव ओरडले, "आजी, थांब! पोटातून घेतलेली चढायला दीड-दोन तास लागतात. धूर लगेच चढतो, ही नाही."

खोलीत शांतता. हे वर्तमानपत्रामागे गेले.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"वाचलंय."

बँकेत वीस वर्षं काढली की सही पाहून कळतं, खरी की खोटी. मी काही बोलले नाही. तासाभराने आत्याबाईंना हसू यायला लागलं. मामंजींनी लग्नात बाशिंग उलटं बांधलं होतं, ते आठवून त्या पदरात तोंड खुपसून हसल्या, थोड्या रडल्या, आणि साडेदहाला घोरायला लागल्या. ते घोरणं ऐकत आम्ही मायलेक बाहेर ओट्यावर बसलो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्या दिवशी मी पण होतो तिथं. सर यायच्या आधी निघालो. एकच झुरका घेतला, खोकला आला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू काकूंकडे बघणंच सोडलंस. मी सांगितलं असतं तर माझ्याकडे पण..." तो पुढे बोलला नाही.

आईने अशा वेळी काय म्हणायचं असतं? कानाखाली द्यावी, की जवळ घ्यावं? पुड्या बांधून विकायला सरकार परवाना देतं. माफ करायचा परवाना कुठल्या खिडकीवर मिळतो? मला काही सुचेना, तेव्हा मी म्हटलं, "थंडी आहे. स्वेटर घाल." त्याने घातला. दोन्ही पक्षांना त्या वेळी एवढंच झेपण्यासारखं होतं.

सकाळी आत्याबाई आठला उठल्या. उरलेली गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने गंगेत सोडली. "झोप लय गोड लागली," म्हणाल्या, "पण तिकडं न्यायची नाही. तुझी नोकरी हाय." पाप, पुण्य, कायदा या तिन्ही गोष्टींपेक्षा त्यांना सुनेचं पेन्शन महत्त्वाचं वाटलं.

हिंगोलीला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी हळदीची मोठी आवक होती. काउंटरला व्यापाऱ्यांची गर्दी. त्या गर्दीत ती पासबुक घेऊन उभी. माझ्या खिडकीसमोर नव्हे, शेजारच्या. मी उठून हाक मारली, "ताई, इकडे या." ती आली, पण नजर पासबुकावर. आता माझी तिची जागा बदलली होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

"काशीला गेले होते," मी म्हटलं.

"हो, कळलं. काय आणलं?"

"गंगाजल. अन् एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या पोराची. दोन वाजता जेवणाच्या सुट्टीत येता?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. मागून एक आडत्या ओरडला, "मॅडम, आमचं आरटीजीएस!" मी पासबुक मशीनमध्ये घातलं आणि नेमकं तेव्हाच ते मशीन अडकलं.

"दोन वाजेपर्यंत निघेल ना ते?" तिने विचारलं.